टाळी कुठे वाजते?



गेल्या दोन-तीन महिन्यांत मी मारधाडीचे आणि गुन्हेगारीवरचे बरेच सिनेमे पाहिले. काही अलीकडचे, काही पाहायचे राहून गेलेले, आणि एक चाळीस वर्षांपूर्वीचा, पुन्हा एकदा. मी बडोद्यात राहतो. तमिळ-मल्याळमचं एक अक्षर मला कळत नाही, त्यामुळे दक्षिणेकडचे सिनेमे सबटायटल वाचत पाहिले. त्यांतल्या सात सिनेमांबद्दल आज बोलायचं आहे. मी समीक्षक नाही, पैसे मोजून पाहणारा साधा प्रेक्षक आहे. तेव्हा ही मतं माझी म्हणूनच ऐका. आणि आधीच सांगून ठेवतो, गोष्टी फुटणार आहेत. 'महाराजा' किंवा 'जन गण मन' ज्यांना काहीही माहिती नसताना पाहायचे असतील, त्यांनी आधी ते पाहून यावं.

असा सिनेमा पाहून आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? फायटिंग कशी आहे, व्हिलन दमदार आहे का, शेवट ओळखता येतो का. या वेळी मी स्वतःला आणखी एक प्रश्न विचारत गेलो. हा सिनेमा आपल्याकडून टाळी नेमकी कुठे वाजवून घेतो? आणि ती वाजल्यावर पुढे तिचं काय करतो?

सुरुवात 'किल'पासून करतो. 2024 चा हिंदी सिनेमा, दिग्दर्शक निखिल नागेश भट. दिल्लीला निघालेल्या गाडीत दरोडेखोर शिरतात आणि त्याच गाडीत लष्कराचे दोन कमांडो असतात. एवढीच गोष्ट. रेल्वेचा डबा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. ती अरुंद वाट, ते बर्थ, ते पडदे, ते बाथरूमचं दार. या सगळ्याचा मारामारीसाठी इतका बारकाईने वापर हिंदीत मी तरी पाहिलेला नव्हता. मारामारी बसवणाऱ्यांत कोरियाचे से-यंग ओह आणि आपले परवेझ शेख आहेत. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते बऱ्याच उशिरा, मधेच. नायकाच्या प्रेयसीचा खून होतो, आणि मग ते नाव येतं. तोवर नायक समोरच्याला फक्त आडवा करत असतो. त्यानंतर तो जीव घ्यायला लागतो.

पण मला 'किल' आवडला तो एका वेगळ्या कारणासाठी. यातले दरोडेखोर भाड्याचे गुंड नाहीत, एकमेकांचे नातेवाईक आहेत. कोणी काका, कोणी भाऊ, कोणी मुलगा. एक मेला की बाकीचे त्याच्या अंगावर पडून रडतात. आपल्या सिनेमात व्हिलनची माणसं मरतात तेव्हा त्यांचं पुढे काय होतं, हे कोणी विचारत नाही. इथे विचारावं लागतं. ते दरोडेखोर वाईटच आहेत, त्यांची बाजू कोणी घेत नाही. पण एका टप्प्यानंतर नायकाकडे पाहतानाही आपल्याला भीती वाटायला लागते. टाळीसाठी उचललेले हात थोडे खाली येतात. सिनेमाला केवळ प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आहे आणि ते योग्यच आहे. मुलांना घेऊन बसू नका.

आता 'महाराजा'. हाही 2024 चाच, तमिळ, दिग्दर्शक निथिलन स्वामिनाथन. विजय सेतुपतीचा हा 50 वा सिनेमा. एक न्हावी पोलीस चौकीत जातो आणि 'लक्ष्मी' चोरीला गेल्याची तक्रार देतो. लक्ष्मी कोण? तर घरातला कचऱ्याचा डबा. पोलीस हसतात, त्याला हाकलतात, मारतात. तो तिथून हलत नाही. सेतुपती या माणसाचा चेहरा इतका थंड ठेवतो, की आपल्यालाही तो आधी वेडा वाटतो. पटकथा काळाच्या पुढेमागे उड्या मारते आणि तरी कुठे गोंधळ होत नाही.

पण माझं या सिनेमाशी भांडण आहे. खरी गोष्ट मुलीवरच्या अत्याचाराची आहे, आणि सिनेमा ती गुपितासारखी लपवून ठेवतो, शेवटाकडे धक्का देण्यासाठी वापरतो. त्याहून मला खटकलं ते दुसरंच. ज्या पोलिसांना सिनेमाने सुरुवातीला लाचखाऊ आणि निर्दय दाखवलं, तेच पुढे एका आरोपीला गुपचूप त्या बापाच्या हवाली करतात. पुढे काय होणार हे त्यांना माहीत असतं. टाळी हमखास तिथेच. बाप म्हणून त्याचा संताप मला कळतो. पण त्या पोलिसांचं काय? सकाळी पैसे खाणारा माणूस संध्याकाळी एखाद्याच्या मरणाचा निर्णय परस्पर घेतो, आणि तेवढ्याने तो सुधारला असं आपण धरून चालतो.

इथून मी जरा मागे गेलो आणि 'अब तक छप्पन' पाहिला. 2004 चा, शिमित अमीन यांचा पहिला सिनेमा. नाना पाटेकर यांचा साधू आगाशे हा मुंबईचा एन्काउंटरवाला इन्स्पेक्टर, आणि नावातला आकडा म्हणजे त्याने मारलेल्या माणसांची मोजदाद. बँकेतले कारकून लेजरबद्दल बोलतात त्या सुरात हे लोक मारण्याबद्दल बोलतात. नानांचा अभिनय आजही ताजा आहे. पुढे वरचा साहेब बदलतो आणि तेच खातं आगाशेवर उलटतं. खुर्चीत कोण बसलंय यावर सगळं चालतं, हे सिनेमा दाखवतो. पण आगाशेच्या बंदुकीपुढे आलेला प्रत्येक माणूस खरोखर गुन्हेगारच होता का, हे तो विचारत नाही.

तो प्रश्न पडद्याबाहेर विचारला गेला. 1995 ते 1997 या काळात मुंबईत झालेल्या 99 चकमकींमध्ये सुमारे 135 माणसं मारली गेली होती. त्याबद्दलच्या याचिका पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तो निकाल 23 सप्टेंबर 2014 रोजी आला आणि त्यात न्यायालयाने चकमकींसाठी 16 मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. दंडाधिकारी चौकशी व्हायलाच हवी. आणि शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत संबंधित अधिकाऱ्यांना लगोलग बढती किंवा पदक द्यायचं नाही. आता आठवून बघा, आपल्या पोलिसी सिनेमांचा शेवट कसा होतो? बहुतेक वेळा सलामी आणि पदकाने.

आता 'जन गण मन'. 2022 चा मल्याळम सिनेमा, दिग्दर्शक डिजो जोस अँटनी. मध्यंतरापर्यंत हा सरळ पोलिसी थरारपट आहे. एका प्राध्यापिकेचा जळालेला मृतदेह सापडतो. विद्यार्थी रस्त्यावर येतात. सूरज वेंजारमूडूने रंगवलेला प्रामाणिक, दुःखी चेहऱ्याचा अधिकारी चार जणांना पकडतो आणि एका रात्री त्यांना गोळ्या घालतो. लोक जल्लोष करतात. संगीत चढतं. टाळी वाजते. दुसरा कुठलाही सिनेमा इथे संपला असता.

हा इथून सुरू होतो. पृथ्वीराज वकील म्हणून कोर्टात उभा राहतो आणि तीच रात्र पुन्हा उलगडायला लागतो. आपण पाहिलं ते काय होतं? ते चौघे आपल्याला गुन्हेगार का वाटले? कपड्यांवरून? गरिबीवरून? टीव्हीवर सांगितलं म्हणून? सिनेमाने आपल्याकडून टाळी काढून घेतली आणि आता तीच तो पुरावा म्हणून समोर ठेवतो. कोर्टातली भाषणं फार लांबली आहेत आणि पृथ्वीराजला हिरो करण्याचा मोह आवरलेला नाही. तरी हे धाडस मोठं आहे.

हे पाहताना हैदराबादच्या कुणालाही 6 डिसेंबर 2019 आठवेल. एका तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिला जाळलं गेलं, चार जणांना अटक झाली, आणि त्या दिवशी पहाटे ते चौघेही पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, पेढे वाटले. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सिरपूरकर हे नागपूरला वकिली केलेले. त्यांच्या आयोगाचा अहवाल मे 2022 मध्ये जाहीर झाला. पोलिसांनी जाणूनबुजून गोळ्या झाडल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस होती. चारपैकी तिघे अल्पवयीन होते, असंही आयोगाने म्हटलं. 'जन गण मन' लागला एप्रिल 2022 च्या शेवटी. म्हणजे सिनेमा आणि अहवाल यांत महिन्याचंही अंतर नव्हतं.

ती फुलं उधळणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. ज्याने एका साध्या केससाठी दहा-दहा वर्षं तारखा घेतल्या आहेत, ज्याची तक्रार चौकीत कोणी लिहूनच घेतली नाही, त्याला पडद्यावरचा झटपट न्याय गोड वाटणारच. त्याचा राग खरा आहे. पण त्या रागाला वाट कुठली करून द्यायची, हे सिनेमा ठरवतो. तारखा का पडतात, न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या का राहतात, तपास ढिसाळ का होतो, यावर सिनेमा काढणं अवघड. गोळी सोपी. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 'सिंघम'चं नाव घेऊन हेच बजावलं होतं. सिनेमातले न्यायाधीश कायम भित्रे आणि जाड चष्म्याचे, आणि न्याय करणार तो एकटा पोलीस, हा संदेश घातक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून 'वेट्टैयन'कडून मला मोठी आशा होती. 'जय भीम'चे दिग्दर्शक टी. जे. ज्ञानवेल, समोर रजनीकांत आणि अमिताभ. 2024 चा हा सिनेमा. एन्काउंटरसाठी नावाजलेला अधिकारी एका शिक्षिकेच्या खुनात संशयिताला गोळी घालतो, आणि मग कळतं की मुलगा निर्दोष होता. सुपरस्टारच्या हातून निरपराध माणूस मेला, हे दाखवायला हिंमत लागते. अडचण पुढे येते. रजनीकांत म्हटलं की चष्मा फिरणार, चाल दिसणार, मागे अनिरुद्धचं संगीत घुमणार. त्या मुलाच्या घरावर काय कोसळलं, ते पाहायला सिनेमाला फुरसत कमी पडते. चुकीबद्दल बोलतानाही टाळ्या हव्याच आहेत. माझ्या मते हा अर्धाच जमलेला सिनेमा आहे, पण पाहावा असा.

'नायाट्टू' मात्र कुठेच टाळी मागत नाही. 2021 चा मल्याळम सिनेमा, दिग्दर्शक मार्टिन प्रक्कट. लिहिणारे शाही कबीर स्वतः पोलीस दलात होते, आणि ते जाणवतं. एका अपघातात तरुण मरतो, पोटनिवडणूक तोंडावर असते, सरकारला ताबडतोब अटक दाखवायची असते. मग तीन साधे पोलीस पळत सुटतात आणि त्यांचंच खातं त्यांच्या मागे लागतं. या तिघांतले दोघं दलित आहेत, आणि मेलेला तरुणही दलित आहे. हा सिनेमा शांतपणे सांगतो, की झटपट न्यायाची घाई नेहमी वरच्याला असते आणि तिची किंमत खालचा मोजतो. मग त्याच्या अंगावर खाकी का असेना.

आणि चाळीस वर्षांपूर्वीचा तो सिनेमा म्हणजे 'अर्धसत्य'. 1983, गोविंद निहलानी. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींचा अनंत वेलणकर हा सज्जन सब-इन्स्पेक्टर आहे. वरच्यांवर हात उचलता येत नाही, म्हणून त्याचा सगळा राग कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर निघतो आणि तो चोर मरतो. स्वतःला वाचवायला वेलणकरला ज्या रामा शेट्टीच्या दारात जावं लागतं, त्याच्याविरुद्धच तर त्याला लढायचं होतं. शेवटी तो शेट्टीचा गळा दाबतो. पण तिथेही टाळी नाही. तो चौकीत जाऊन हजर होतो. पोलिसाच्या हातून माणूस मेला तर त्याचा हिशेब द्यावा लागतो, हे आपल्या दोन मराठी लेखकांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

म्हणून माझी शिफारस अशी. एका सुट्टीत 'जन गण मन' आणि 'अर्धसत्य' पाठोपाठ पाहा, जमल्यास घरातल्या कॉलेजच्या मुलांना सोबत घेऊन. मारधाडीची हौस असेल तर 'किल' जरूर, पण मुलं झोपल्यावर. 'महाराजा' पाहिलात तर पोलिसांच्या त्या प्रसंगावर घरात चर्चा करा. आमच्याकडे दोन संध्याकाळी वाद चालला आणि अजून मिटलेला नाही. बायको त्या बापाच्या आणि पोलिसांच्या, दोघांच्याही बाजूने आहे. तिचं म्हणणं एवढंच, की त्या मुलीला कोर्टात उभं करून तुम्ही काय मिळवलं असतं? तिच्या या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. पण चुकीचा माणूस पकडला गेला असता तर, हा माझा प्रश्नही तिला टाळता आलेला नाही.

तुम्ही कोणाच्या बाजूने आहात, ते जरूर कळवा. पुढच्या वेळी अशाच एका विषयावर बोलू. तोवर नमस्कार.