जुनी कंबरदुखी आणि आपला मेंदू

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

बाप्पा ही बुद्धीची देवता. तेव्हा तिच्यासमोर मेंदूविषयी बोलणं योग्यच आहे. पण मी बोलणार आहे ते कंबरदुखीच्या निमित्तानं.

आपल्या बिदर-कलबुर्गी भागात कंबरदुखी नाही असं घर सापडणं कठीण. तुरीची पोती उचलणारे हमाल, खड्ड्यांतून बस हाकणारे ड्रायव्हर, वाकून नक्षी कोरणारे बिदरीचे कारागीर, दिवसभर ओट्यापाशी उभ्या असणाऱ्या आयाबहिणी. मराठीत कंबरदुखी म्हणा की कन्नडात ‘बेन्नु नोवु’, त्रास एकच.

उसण भरली की शेक, तेल, थोडी विश्रांती, आणि बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत मोकळी होते. काहींची मात्र होत नाही. तीन महिन्यांपुढे टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर दीर्घकालीन म्हणतात. आपल्याला वाटतं, दुखणं तेच, फक्त लांबलेलं. संशोधन सांगतं की मधल्या काळात मेंदूही बदललेला असतो.

आधी एक साधी गोष्ट. लग्नघाईत विळीनं बोट कापलेलं रात्री निवांत झाल्यावर लक्षात येतं. जखम सकाळचीच असते. नसा फक्त निरोप नेतात. किती दुखायचं ते मेंदू ठरवतो.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वान्या अपकारियन यांच्या गटानं २००४ साली जुन्या कंबरदुखीच्या २६ रुग्णांचे मेंदू तपासले. निरोगी माणसांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थरातला करडा भाग ५ ते ११ टक्के कमी भरला. याच गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की दुखणं नवं असताना मेंदूतली वेदनेची नेहमीची केंद्रं जागी असतात. वर्षभर टिकलं, की भीती, चिंता, आठवण यांच्याशी निगडित भाग जास्त काम करू लागतात. म्हणजे वेदना मेंदूला पाठ होते. वाकायच्या नुसत्या विचारानंही मग कंबर धरते.

म्हणून हे दुखणं खोटं आहे का? मुळीच नाही. ते तितकंच खरं असतं. फक्त जितकं दुखतं तितकी कंबर बिघडली आहे, हा हिशेब आता चुकतो.

इथे आपण सगळे फसतो ते ‘मणक्यात गॅप आलाय’ या वाक्याला. एमआरआयची फाइल काखेत मारून माणूस सोलापूरला जातो, मग हैदराबादला. २०१५ साली, ज्यांची कंबर कधी दुखतच नव्हती अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत होती, पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत. केस पिकतात, तशी चकतीही झिजते. ऑपरेशन काहींना खरंच लागतं, पण केवळ फोटोतली झीज पाहून शेत विकायला काढू नये.

आता आशेची बाजू. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासात २०११ मध्ये दिसलं, की उपचारानं दुखणं कमी झाल्यावर मेंदूचा पातळ झालेला भाग सहा महिन्यांत पुन्हा भरला. मेंदू जे शिकला, ते तो बऱ्याच अंशी विसरूही शकतो.

तो विसरतो कशानं? हालचालीनं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन जाहीर केलं. त्यात व्यायाम, दुखण्याची नीट समज आणि मनाचे उपचार यांवर भर आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट वापरू नये, असंही म्हटलं आहे. आज दहा मिनिटं चाला, पुढच्या आठवड्यात बारा. थोडं दुखलं तर घाबरू नका. ‘वाकलं तरी काही मोडत नाही’ हे मेंदूला रोज थोडं थोडं पटवायचं असतं.

काही लक्षणं मात्र अंगावर काढू नका. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, सोबत ताप किंवा वजन घटणं, म्हातारपणी पडल्यानंतरचं दुखणं. यांत लगेच डॉक्टर गाठावा. आपल्याकडे मणक्याचा क्षयही आढळतो.

शेवटचं घरच्यांसाठी. आजोबांची कंबर दुखली की आपण त्यांना खाटेवरून उठू देत नाही. सूनबाईची दुखली की ‘थेरं आहेत’ म्हणतो. दोन्हींनी दुखणं वाढतं. एकाची भीती पक्की होते, दुसरीचा ताण. त्यापेक्षा, ‘दुखतंय ना? चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ,’ असं म्हणा आणि सोबत चाला. या औषधाला पैसे पडत नाहीत.