मोजणी आणि चौकशी

(दिमोना येथे शाबुओथच्या आधीच्या आठवड्यात सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



येत्या शब्बाथला आपण बमिदबारचा पाराशा वाचू आणि त्यानंतर शाबुओथला रूथचे पुस्तक. बमिदबारमध्ये सीनायच्या रानात इस्राएलची मोजणी होते. ती बापाच्या घराण्याप्रमाणे होते आणि वीस वर्षांवरील पुरुषांची संख्या ६,०३,५५० भरते. रूथच्या पुस्तकात मात्र एक मवाबी स्त्री येते. तिच्या बापाचे घराणे त्या मोजणीत कुठेच बसत नाही, आणि तरीही दावीद राजा तिच्याच वंशात जन्म घेतो. ही दोन वाचने दरवर्षी जवळजवळ येतात. या वर्षी मात्र त्यांनी माझी झोप उडवली. का, ते सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

चार महिन्यांपूर्वी कमिटीने माझ्यावर एक काम सोपवले. दिमोनात आपली माणसे किती, याची यादी करावयाची होती. कापडगिरणीत मी अनेक वर्षे हजेरीपट सांभाळला, तेव्हा हे काम मला जमेल असे सर्वांना वाटले. मलाही वाटले. मी वही घेतली, रकाने आखले आणि घरोघर निघालो.

यादी करण्यापूर्वी आपले गाव कसे भरले, हे मी आठवून पाहिले. दिमोना हे नाव यहोशवाच्या पुस्तकात यहूदा वंशाच्या गावांमध्ये आहे. परंतु आजचे गाव १९५५ साली नेगेवच्या उघड्या वाळूत वसले. पहिली कुटुंबे मोरोक्कोहून आली. पुरुष मृत समुद्राच्या कारखान्यांत कामाला जात. मागोमाग आपली माणसे आली. मुंबईची, पुण्याची आणि अलिबाग, पेण, रेवदंड्याकडची. त्यांतले कित्येक गिरणीत लागले. १९६९ साली शिकागोहून लायबेरियामार्गे कृष्णवर्णी हिब्रू इस्राएली आले. त्यांना कायम निवासाचा हक्क मिळण्यास २००३ साल उजाडले. १९९० नंतर रशियन बोलणारी कुटुंबे आली, इथिओपियाची बेता इस्राएल कुटुंबे आली. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वस्त्यांतील बेदुईनही येतात, पण त्यांची घरे गावाच्या हद्दीबाहेर असल्याने ते गावाच्या संख्येत धरले जात नाहीत. आज हे गाव सुमारे पस्तीस हजारांचे आहे. एका रस्त्यावर भेळ आणि जिलेबी मिळते, पुढच्या रस्त्यावर मोरोक्कन मिठाई, त्याच्या पुढे रशियन दुकान.

आता सरकार या सर्वांना कसे मोजते ते पाहा. आपला केंद्रीय सांख्यिकी विभाग वर्ण विचारत नाही. तो जन्मदेश विचारतो, आणि इस्राएलमध्ये जन्मलेल्याच्या बाबतीत बापाचा जन्मदेश विचारतो. बापही इथेच जन्मलेला असेल, तर त्या माणसाचे मूळ 'इस्राएल' असे लिहिले जाते. बमिदबारमधील बापाच्या घराण्याची पद्धत तक्त्यात अजून चालू आहे. आईचा देश तेथे मोजत नाहीत. आपण 'आशिया' या भागात येतो आणि त्यातही 'भारत व पाकिस्तान' अशा एकाच ओळीत. रेवदंड्याचा माणूस आणि कराचीचा माणूस तेथे शेजारी बसतात.

हा तक्ता मी माझ्या घरावर लावून पाहिला. मी आशियाचा. माझी मुलगी दिमोनात जन्मली, तरी बापामुळे आशियाची. जावई इथलाच, पण त्याचे वडील मोरोक्कोचे, म्हणून तो आफ्रिकेचा. माझी नात मात्र केवळ इस्राएलची, कारण तिचा बाप इथे जन्मला. शिकागोहून आलेला माझा शेजारी वर्णाने काळा, पण जन्मखंड विचारला तर अमेरिकेचा. म्हणजे या तक्त्यावरून कोणी आपल्या गावाचे रंगरूप ओळखू म्हणेल, तर त्याची पुरती फसगत होईल. शाळा किती लागतील, घरे किती लागतील, हे ठरवण्यास तक्ता उपयोगी आहे. माणूस कोण, हे सांगण्याचे काम त्याचे नाही.

माझी वही माझ्याच दारात अडली. नातीला आपल्या माणसांत लिहावे की नाही? माझा हात थांबला. त्याच सुमारास ती एका संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, "आजोबा, मी लग्न ठरवले आहे." मुलगा इथलाच, शिकलेला, सैन्यातली सेवा पूर्ण केलेला. त्याचे आईवडील इथिओपियाहून आले आहेत.

मी काय बोललो, ते आज आपल्यासमोर कबूल करतो. मी म्हणालो, "त्यांच्या घराण्याची नीट चौकशी केली आहे ना?"

तिने शांतपणे विचारले, "कसली चौकशी, आजोबा?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण हा शब्द मी कोठे ऐकला होता, ते मला त्याच क्षणी आठवले. १९६२ साली मी चौदा वर्षांचा, नुकताच देशात आलेला. त्याच वर्षी मुख्य रब्बीमंडळाने विवाह नोंदणाऱ्या रब्बींना सूचना दिली की, बेने इस्राएल मुलामुलींचे लग्न इतरांशी ठरले, तर त्यांच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शतकानुशतके कोकणात ज्यांनी शब्बाथ पाळला, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांना गावाने 'शनवार तेली' हे नाव दिले, त्यांनी आता आपल्या पणजीचा दाखला आणावा! १९६४ च्या उन्हाळ्यात आपला समाज जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरला. माझे वडील मला हात धरून घेऊन गेले होते. वडील फार बोलत नसत. ते एवढेच म्हणाले, "आपण भीक मागायला आलेलो नाही." त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपली बाजू उचलून धरली आणि सूचनेतून आपल्या समाजाचे नाव निघाले.

पुढे इथिओपियाच्या बांधवांवर तसाच प्रसंग आला. १९८० नंतरच्या दशकात त्यांच्याकडे धर्मविधीने पुन्हा शुद्ध होण्याची मागणी झाली, आणि तेही जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. त्या वेळी आपल्यापैकी किती जण त्यांच्याशेजारी जाऊन बसले? मी गेलो नव्हतो.

याहून जुनी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या सभेत सहसा निघत नाही. कोकणात आपल्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. ज्यांच्या घरात कधीकाळी परकी स्त्री आली असे मानले जाई, त्यांना काळे म्हणत. त्यांच्याशी सोयरीक होत नसे, जेवणाची पंगत वेगळी बसे. मुंबई गॅझेटियरमध्ये हे छापलेले आहे आणि आपले इतिहासकार केहीमकर यांनीही ते लिहून ठेवले आहे. माझी आजी सांगे की, आमच्या आळीत एका घरची भांडी आमच्या मांडवात कधी आली नाहीत. त्या घरची माणसे सिनेगॉगमध्ये शेमा म्हणत होती, तोच शेमा आम्ही म्हणत होतो. रब्बीमंडळाने आपल्याला जो प्रश्न विचारला, तो आपण आपल्याच शेजाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो होतो.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे. मोजणी आणि चौकशी यांत फरक आहे. मोजणीत प्रत्येकाचा एकच आकडा असतो. तोरातही मोजणीच्या वेळी श्रीमंताने अर्ध्या शेकेलपेक्षा अधिक द्यावयाचे नव्हते आणि गरिबाने कमी. चौकशीत मात्र एक माणूस आत बसलेला असतो आणि दुसरा दारात उभा. दारात उभे राहणे काय असते, हे आपल्याला ठाऊक आहे. आत बसल्यावर ते विसरले जाते, हे मी माझ्यावरून शिकलो.

कमिटीला मी दोन वह्या देत आहे. पहिली यादीची. तीत मुळाचा रकाना मी खोडून टाकला आहे. जो आपल्याबरोबर तेफिलाला उभा राहतो, जो आजाऱ्याच्या समाचाराला जातो, जो मय्यताला खांदा देतो, त्याचे व त्याच्या घरच्यांचे नाव तीत आहे. जावई आहेत, सुना आहेत, त्यांची मुले आहेत. कमिटीला हे मान्य नसेल, तर तिने दुसरा हजेरीदार शोधावा.

दुसरी वही कोरी आहे. मुळे विसरा, असे मी म्हणत नाही. आपण किहीमचे की तळ्याचे, नवगावच्या दफनभूमीविषयी आजीने काय सांगितले, मलिद्याच्या ताटात काय काय मांडायचे, हे ज्यांना आठवते ते दरवर्षी कमी होत आहेत. या वहीत ते सर्व लिहा. ही वही आठवणीसाठी आहे. तिच्यावरून कोणाची सोयरीक ठरू नये.

माझ्या नातीचे लग्न शाबुओथनंतर आहे. मेंदीची रात्र आमच्यातही असते आणि जावयाच्या मोरोक्कन घरातही, तेव्हा त्यावरून भांडण झाले नाही. त्याआधी घरी एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करणार आहोत. मुलाच्या आजीला हिब्रू फारसे येत नाही आणि मला अम्हारिक मुळीच येत नाही. पण त्या स्वतः भाजलेली भाकर घेऊन येणार आहेत, असा निरोप आहे. त्यांचे ताट मी माझ्या ताटाशेजारी मांडणार आहे. आपण सर्वांनी यावे, ही विनंती.

शालोम.