गाळ विसरत नाही

वाहत्या पाण्यावर आपला फार विश्वास. आमच्या घरी वझूसाठी वाहतं पाणी पाक मानतात. शेजारच्या काकू निर्माल्य नदीत सोडतात. पाण्यात सोडलं की गेलं, ही समजूत दोन्ही घरांत सारखीच. मीही कवितेत नदीला कितीदा विस्मृतीची उपमा दिली आहे. पण एका नदीची हकिकत वाचली आणि ती उपमा वापरायला हात धजेना.

तिचं नाव तेचा. रशियात, उरल पर्वताच्या बाजूची लहानशी नदी. तिच्या काठी १९४८ साली ‘मायाक’ हा अणुबाँबसाठी प्लुटोनियम बनवणारा गुप्त कारखाना सुरू झाला. १९४९ ते १९५६ या काळात त्यानं सुमारे ७ कोटी ६० लाख घनमीटर किरणोत्सारी सांडपाणी नदीत सोडलं. तेचा इसेतला मिळते, इसेत तोबोलला, तोबोल इर्तिशला, इर्तिश ओबला आणि ओब थेट उत्तरेच्या बर्फाळ कारा समुद्राला. दोन हजारांहून अधिक किलोमीटरची वाट. एवढ्या पाण्यात काय उरणार?

उरलं, आणि मुख्यतः मातीत उरलं. त्या सांडपाण्यातल्या सीझियमला चिकणमातीची भारी ओढ. मातीच्या बारीक कणांना ते घट्ट धरून राहतं. प्रवाह मंदावला की हे कण तळाशी बसतात. पूर ओसरला की काठच्या कुरणांत राहतात. स्ट्रॉन्शियम मात्र पाण्यात विरघळून पुढे जातं. शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडांत जागा देतं.

बरंचसं विष तेचाच्या काठच्या दलदलींतच अडलं. थोडं समुद्रापर्यंत गेलं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती खाली बसते ना? नदीच्या मुखाशी समुद्राचं मीठ तेच काम करतं. कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाडीच्या तळाशी बसतात. वर्षावर वर्षाचा थर चढतो. शास्त्रज्ञ त्या गाळात पोकळ नळी खुपसून थर जसेच्या तसे वर काढतात. १९६३ च्या सुमाराचा थर सीझियमवरून ओळखू येतो, कारण त्याआधीच्या वर्षांत हवेत अणुचाचण्यांचा कहर झाला होता. त्याच समुद्राच्या कडेला नोवाया झेमल्या हा बेटांचा समूह आहे. तिथल्या चोर्नाया खाडीत १९५५ पासून पाण्याखाली स्फोट झाले. तिच्या तळाशी प्लुटोनियम आहे. सीझियम तीस वर्षांत निम्मं होतं. या प्लुटोनियमला त्यासाठी २४ हजार वर्षं लागतात.

आज कारा समुद्राच्या बहुतेक भागात किरणोत्सार कमी आहे, हे सांगायलाच हवं. पण तिकडची गोठलेली जमीन आता वितळते आहे, किनारे ढासळताहेत. निजलेला गाळ पुन्हा ढवळला जाऊ शकतो.

आणि माणसं? तेचाच्या काठच्या खेड्यांत तातार, बाश्कीर, रशियन शेतकरी राहत. ते तेच पाणी पीत, त्यांची गुरं त्याच कुरणात चरत. पुढे सुमारे साडेसात हजार लोकांना हलवण्यात आलं. का, ते सांगितलं नाही. मुस्ल्युमोवो हे तातारांचं गाव तर तिथेच राहिलं. त्याच्या स्थलांतराचा निर्णय २००६ साली झाला, तोवर पन्नासहून अधिक वर्षं उलटली होती. त्यातल्या अनेकांना नवी घरं मिळाली, तीही जुन्या गावापासून फार दूर नाहीत.

मला राहून राहून त्या गावातल्या एखाद्या आईचा विचार येतो. नदीवर जाऊ नका, एवढंच तिला सांगितलं. का, हे मुलांनी विचारलं तेव्हा तिच्यापाशी उत्तर नव्हतं. सरकारनं ते कागदांत कुलूपबंद ठेवलं होतं. नदीनं मात्र काहीच लपवलं नाही; साल न्‌ साल तळाशी मांडून ठेवलं.

नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. तळ मात्र जरूर पाहावा. मी आता निर्माल्य सोडणाऱ्या काकूंना काही म्हणत नाही. फुलं कुजून जातात. आपण आणखी काय काय सोडतो, एवढंच आठवत राहतो.