सरहद्दी आणि आपण



आपली वसई जागची हालली नाही. सरहद्दी मात्र कायद्याने पुनःपुन्हा हालल्या. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा निराळा निघाला. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने उंबरगाव तालुक्यातील कित्येक गावे गुजरातेत गेली. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला तालुका नव्या पालघर जिल्ह्यात आला. जिल्हा बदलला की गरिबाची कचेरीची वाट बदलते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे अशा फेरफाराचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो व लोकांस हरकती मांडता येतात. तो मसुदा आपण वेळीच वाचावा, निर्भयपणे बोलावे. रेघ ओढल्यावर कुरकुर व्यर्थ होय, इतकेच आम्ही विनवितो.