मातृत्वाचा भार कोणी वाहायचा?

(नांदगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नांदगाव तालुका अवर्षणाचा. पाऊस रुसला की शेतावरचे काम सरते आणि घरची बाई रोजंदारीसाठी बाहेर पडते. नांदगाव-मनमाडच्या बाजारात आलेला कांदा व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर जातो. तेथे तो निवडण्याचे, प्रतवारी लावण्याचे काम मुख्यतः स्त्रियाच करतात. दिवसभर उकिडवे बसून करावयाचे हे काम. एखादीला सातवा महिना लागला की मुकादम म्हणतो, ‘आता तू घरीच थांब.’ एवढ्या शब्दांत तिचा रोजगार संपतो. नोटीस नाही, हिशेब नाही, कागदाचा चिटोराही नाही. शहरातील कारखान्यात याच गोष्टीला कामगारकपात असे भारदस्त नाव मिळते, एवढाच काय तो फरक. दूध, औषध आणि विश्रांती यांची गरज ज्या महिन्यांत सर्वांत अधिक, नेमक्या त्याच महिन्यांत मजुरी थांबते.

अशा स्त्रीच्या हाती काय उरते? पुष्कळांची समजूत अशी की, कामावरून कमी केले म्हणजे प्रसूतीचा हक्कही गेला. ही समजूत चुकीची आहे आणि मालकाच्या सोयीची आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने हा डाव ओळखला होता. तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पण मूळ तत्त्व कायम आहे. कारखान्यात, अथवा १० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानात वा आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची मजुरी मिळाली पाहिजे. गर्भारपणात तिला काढून टाकले, तरी विहित गंभीर गैरवर्तनाचा अपवाद वगळता, हा लाभ बुडत नाही. काढल्याच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत दाद मागता येते. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला देताच आगाऊ द्यावयाची असते आणि उरलेली प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत.

कपातीची भरपाई हा याहून वेगळा हक्क. सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस अथवा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. एक रक्कम दिली म्हणून दुसरी बुडविता येत नाही. कार्यकर्त्यांनी हे मनात पक्के करावे, कारण तडजोडीच्या बैठकीत या दोहोंचा एकच गोळा करून बाईच्या हातावर ठेवण्याची चलाखी नेहमीची आहे.

‘रोजंदारीच्या बाईला कसला लाभ?’ या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिले आहे. दिल्ली महानगरपालिकेने हजेरीपटावरील स्त्री-कामगारांना प्रसूती लाभ नाकारला होता. न्यायालयाने तो देण्यास भाग पाडले. २०२३ मध्ये, कराराची मुदत संपत आलेल्या एका महिला डॉक्टरच्या प्रकरणात, मुदत संपली तरी लाभ संपत नाही, असाही निर्णय त्याच न्यायालयाने दिला.

परंतु खळ्यावर दहापेक्षा कमी बाया दाखविल्या, हजेरीची वहीच ठेवली नाही, की हा सारा कायदा दारातच अडतो. मग उरतात सरकारी योजना. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,०००. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचे वचन दिले होते, हे येथे विसरता कामा नये. सहा महिन्यांच्या मजुरीच्या जागी ही रक्कम ठेवून पाहावी, म्हणजे शासनाच्या मातृवंदनेचे मोल कळते. तरीही ती सोडू नये. अंगणवाडी सेविकेकडे वेळेवर नोंद करवून ती मिळवावी.

आता मूळ रोगाकडे वळले पाहिजे. गर्भवतीला मालक का काढतो? दुष्टपणा हे अपुरे उत्तर आहे. कायद्याने सारा खर्च त्या एका मालकावर टाकला आहे, म्हणून पोटुशी बाई त्याला तोट्याची वाटते. हा दोष जुना आहे. १९२९ चा मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा या विषयावरचा देशातील पहिला. त्यानेही खर्च मालकावरच ठेवला आणि पुढील काळात मुंबईच्या गिरण्यांत स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे ही कारणे होतीच. पण भत्ता टाळण्यासाठी बाईच न घेणे हेही त्यांतले एक होते. त्या विधेयकावर १९२८ साली मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. आंबेडकरांनी मातेची विश्रांती राष्ट्रहिताची ठरविली, तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे सांगितले, आणि तिच्या श्रमाचा नफा घेणाऱ्या मालकालाही मोकळे सोडले नाही. त्याआधी, १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या ठरावानेही हा लाभ सार्वजनिक निधीतून वा विम्यातून देण्याचे सुचविले होते. भारताने तो करार आजवर स्वीकारलेला नाही.

हे तत्त्व अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणू नये. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. प्रसूतीचा भत्ता त्या निधीतून मिळतो. कामावरची बाई गरोदर राहिली म्हणून मालकाची वर्गणी वाढत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने तर एका कायम मालकाशिवाय राबणाऱ्या हमालांनाही मंडळाच्या छत्राखाली आणले. मजुरीवर लेव्ही बसवून त्यांच्या लाभांची तरतूद केली. हमालाच्या पाठीवरील गोणीला जो न्याय, तो गोणीतला कांदा निवडणाऱ्या बाईला का नसावा? बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक क्विंटलमागे व्यापाऱ्याकडून अल्प लेव्ही घ्यावी, शासनाने आपला वाटा घालावा आणि त्या निधीतून प्रसूती लाभ द्यावा. मग बाई दहांच्या खळ्यावर आहे की चौघींच्या, हा प्रश्नच उरणार नाही.

ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. मात्र कायदा बदलेपर्यंत थांबण्याची चैन सातव्या महिन्यातील बाईला परवडणारी नाही. म्हणून प्रत्येक खळ्यावरील बायांनी आपल्या हजेरीची वही स्वतः ठेवावी. अक्षर येत नसेल तेथे कार्यकर्त्याने लिहावी. ८० दिवसांचा तो पुरावा आहे. गरोदरपणाची नोंद आरोग्य केंद्रात लवकर करवावी. कामावरून काढताच श्रम खात्याकडे लेखी तक्रार जावी, आणि ती बाईने एकटीने नव्हे, तर खळ्यावरील सर्वजणींनी मिळून न्यावी. उद्या तीच पाळी दुसरीवर येणार आहे, हे त्या जाणतात. संघटनेने त्या जाणिवेला फक्त कागद आणि सोबत द्यावयाची आहे.