आधी चाल, मग गाणे

श्रोतेहो, मारुती ८००चे उत्पादन २०१४ साली थांबले. तशी एखादी जुनी मोटार घरी असली, की हौस आधी धावते ती स्पीकरकडे. हौसेला नाव ठेवायचे नाही. पण क्रम चुकू नये.

आपल्या परभणी जिल्ह्याची जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता उंचसखल होतो. अशा रस्त्यावर शॉकअब्सॉर्बर निकामी असेल तर चाक जमीन सोडते. मग ना ब्रेक नीट लागत, ना वळण साधत. मोटारीचा एकेक कोपरा दाबून सोडून पाहा. एकदा उसळून स्थिरावला तर ठीक. डोलतच राहिला तर त्या बाजूचे दोन्ही, डावे-उजवे, शॉकअब्सॉर्बर जोडीनेच बदला. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली, की टायरही बदला. फार रुंद टायर मात्र नकोत. ते मडगार्डला घासतात, स्टिअरिंग जड करतात.

एवढे झाले, की गाणे खुशाल लावा. ॲम्प्लिफायरची तार बॅटरीवरून घेताना बॅटरीलगतच फ्यूज बसवून घ्या. नाहीतर तार पत्र्याला घासून आग लागायची. आणि आवाज बेताचाच ठेवा. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.