शस्त्र नाकारल्यावर

मुंबईच्या समुद्रकाठी जुहू आहे. मे १९४४मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटलेले गांधीजी तिथे शांतिकुमार मोरारजींच्या बंगल्यात विश्रांतीला आले होते. युद्धाच्या त्याच धामधुमीत चीनमधून मायदेशी निघालेला एक तरुण इंग्रज वास्तुविशारद बोटीसाठी मुंबईत अडकून पडला. त्याचं नाव लॉरी बेकर. त्याची गांधीजींशी भेट झाली तेव्हा त्याच्या पायात स्वतः शिवलेले कापडी बूट होते, आणि गांधीजींचं लक्ष आधी गेलं ते त्या बुटांकडे!

बेकर क्वेकर पंथाचा. बंदूक धरणार नाही म्हणाला, आणि रुग्णवाहिका पथकातून चीनला गेला. तिथे कुष्ठरोग्यांची सेवा केली.

क्वेकरांसारखाच मेनोनाइट हाही युद्ध न मानणारा पंथ. सोळाव्या शतकातल्या मेनो सायमन्सचे हे अनुयायी. नागपूरच्या पूर्वेला, आजच्या छत्तीसगडमधल्या धमतरीला त्यांचं मिशन १८९९मध्ये सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी छावण्या काढल्या. १९४१ ते १९४७ या काळात तिथे सुमारे बारा हजार जण राबले, त्यांत मेनोनाइट सर्वांत जास्त. पगार नाही, खर्चाचा मोठा भार चर्चने उचलला. कुणी जंगलातले वणवे विझवायला विमानातून उड्या टाकल्या, कुणी वेड्यांच्या इस्पितळात रात्रपाळ्या केल्या. तिथले हाल त्यांनी बाहेर आणले, म्हणून तर लोकांना कळले.

मला सर्वांत विलक्षण वाटतात ते त्यांच्यातलेच, मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगात उतरलेले छत्तीस जण. युद्धानंतर उपासमारीने खंगलेल्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे कळावं म्हणून ते चोवीस आठवडे अर्धपोटी राहिले. वजन पावपट घटलं. डोक्यात अन्नाखेरीज दुसरं काही येईना. स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायचे म्हणे. यांना भित्रे म्हणणारेही तेव्हा होतेच.

आता आपल्याकडे या. इथे सक्तीची भरती नव्हती, मग नकार द्यायचा कशाला? युद्धालाच! १७ ऑक्टोबर १९४०ला विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण केलं. गांधीजींनी निवडलेले ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही. चारच दिवसांत अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा. इंग्लंडात शस्त्र नाकारणारा माणूस न्यायाधिकरणापुढे उभा राहून आपली बाजू मांडू शकत होता, आणि सरकार ती मान्यही करत होतं. त्याच साम्राज्याने वर्ध्याजवळच्या एका गावात नुसतं बोलल्याबद्दल तुरुंग दाखवला. सदसद्विवेकाचा हक्क गोऱ्याला होता, काळ्याला नव्हता. मी याला ढोंगच म्हणेन.

बेकर १९४५मध्ये भारतात परत आला, पुन्हा कुष्ठरोग्यांच्याच कामासाठी. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधावं, हे गांधीजींचं सांगणं त्याने मनावर घेतलं आणि केरळात विटांची स्वस्त, देखणी घरं उभी केली. १ एप्रिल २००७ रोजी तो तिरुवनंतपुरमला वारला. तोवर भारताचा नागरिक होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती.